सातातलं कितवं

आपण कसे आहोत हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. त्यात दुसऱ्या कुणी ढवळाढवळ करू नये. रुग्णालयाच्या पाठपुरावा कक्षात हे वाक्य काचेच्या चौकटीत, ठळक अक्षरांत लावलेलं होतं. चौकटीच्या बरोबर खाली एक टेबल होतं, टेबलावर टेलिफोन होता, आणि टेलिफोनमागे बसून मोजमापे गेली चार वर्षं लोकांना ते कसे आहेत हे सांगत होते.

मोजमापे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखा, शर्टाच्या खिशात टोक केलेल्या दोन पेन्सिली, आणि जेवणाच्या सुट्टीतून परतायचं ते दीडच्या ठोक्यालाच. एक वाजून एकोणतीसला पोचले तर उरलेलं मिनिट दाराबाहेर उभं राहून घालवायचे. अशा माणसाला नाव पडायचंच. ते नाव आपल्याला आवडतं, हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

काम असं होतं. या रुग्णालयात गुडघे बदलून मिळत. गुडघा बदलून सहा महिने झाले की पाठपुरावा कक्षातून फोन जाई. औषधं घेता का, व्यायाम करता का, असले सात प्रश्न झाले की आठवा यायचा, आणि सगळा खटाटोप त्या आठव्यासाठीच असायचा: "ऑपरेशनच्या आधीशी तुलना केली, तर तुमचा गुडघा आज कसा आहे?" उत्तरं सात. फारच बरा, बराच बरा, थोडा बरा, आहे तसाच, थोडा वाईट, बराच वाईट, फारच वाईट. सातही एकाच आवाजात वाचायची. 'बरा' म्हणताना गोड व्हायचं नाही, 'वाईट' म्हणताना घाई करायची नाही. समोरचा अडला तर पुन्हा सातही वाचायची. सुचवायचं नाही, समजवायचं नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. एवढं करून जमलं नाहीच, तर 'उत्तर मिळालं नाही' या रकान्यात खूण करून फोन ठेवायचा.

नियम चांगले होते. फक्त लोकांचे गुडघे त्यांत मावत नव्हते.

एक शिंपी म्हणाला, "साहेब, मशीन चालवताना काही नाही, पण उठलो की पाच मिनिटं टेबल धरून उभा असतो. बायको म्हणते, पूर्वी दहा मिनिटं उभे असायचात. आता तिचं कितपत धरायचं ते तुम्ही बघा." एका निवृत्त मुख्याध्यापिकेने प्रश्नच तपासायला घेतला. "तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची होते, आज सत्तर. तुलना कुणाशी करू? माझ्याशी की तिच्याशी?" आणि एका आजोबांनी सातही उत्तरं दोनदा ऐकून घेतली, जरा विचार केला आणि म्हणाले, "सगळी बरोबर आहेत."

पहिल्या तीन महिन्यांतच 'उत्तर मिळालं नाही' असे बावीस फॉर्म झाले. दुसऱ्या मजल्यावर आकडेबाई बसत. कक्षातून गेलेल्या खुणांची टक्केवारी काढणं हे त्यांचं काम. त्यांनी तो गठ्ठा परत पाठवला, वर चिठ्ठी: 'पुन्हा विचारा.' मोजमाप्यांनी पुन्हा विचारलं. आजोबा म्हणाले, "अहो, परवा सांगितलं ना? सगळी बरोबर आहेत. तुमचा कागद हरवला का?"

त्या दिवशी मोजमाप्यांच्या हातून पहिल्यांदा ते घडलं. त्यांनी 'थोडा बरा'पुढे खूण केली.

कारण त्यांच्याजवळ होतं. फोनवर इतका वेळ हौसेने बोलणारा माणूस वाईट असणार नाही. आणि फारच बरा असता तर फोन उचलायला घरी सापडला नसता. 'थोडा बरा' हे उत्तर त्यांना माणुसकीचं वाटलं. कुणाचं वाईट चिंतलं नाही, कुणाची खुशामत केली नाही. मग शिंपीही थोडा बरा झाला, मुख्याध्यापिकाही थोड्या बऱ्या झाल्या. पुढे पुढे तर कुणी "तसं बघितलं तर..." असं म्हणून नुसता श्वास घेतला, तरी इकडे पेन्सिल खाली टेकलेली असायची.

पण माणूस पडला मोजमापे. अशा प्रत्येक फॉर्मच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, ते एक बारीक टिंब देत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खोटेपणातही टापटीप असावी, एवढंच बहुधा.

वर्षभराने लिफ्टशेजारी फलक लागला. 'आमच्या शंभरांपैकी ब्याऐंशी रुग्ण म्हणतात: गुडघा सुधारला!' उद्गारचिन्ह छपाईवाल्याने आपल्या पदरचं घातलं होतं. मोजमापे त्या दिवसापासून जिन्याने जाऊ लागले. व्यायाम म्हणून, असं सांगत.

एवढ्यावर भागलं असतं. जगात याहून मोठी पापं करून लोक रात्री गाढ झोपतात, आणि मोजमापेही झोपतच होते. पण ताईचा गुडघा आडवा आला.

ताई त्यांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा ती सोळाची आणि हे सहाचे, त्यामुळे बहीण म्हणायचं एवढंच. तिचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, घराच्याच इमारतीत तळमजल्यावर. राहायची तिसऱ्यावर, आणि लिफ्ट नव्हती. चाळीस वर्षं उभं राहून पुठ्ठे कापले, खळ लावली, दाभणाने टोचून वह्या शिवल्या. उजव्या गुडघ्याने आधी कुरकुर केली, मग उघड बंड पुकारलं. डॉक्टर म्हणाले बदला. ताई तीन वर्षं म्हणाली, बघू.

एका रविवारी दुकानात तिने विषय काढला. हातात खळीचा ब्रश, नजर पुठ्ठ्यावर.

"छोट्या, तू रोज लोकांना हेच विचारतोस ना?"

बावन्नाव्या वर्षीही ते छोट्याच होते.

"हो."

"मग डॉक्टरचं राहू दे. त्याला बदलायचेच असतात. तू सांग. बरं होतं का रे?"

मोजमाप्यांना टिंबं आठवली. फॉर्म काही मोजलेले नव्हते, पण त्यांचा साधारण अंदाज होता. ब्याऐंशीतले चौदाएक आपलेच. म्हणजे खरे अडुसष्ट. त्यांनी तोंड उघडलं. समोर ताई एका पायावर भार देऊन उभी होती, बगळ्यासारखी, गेली तीन वर्षं.

"शंभरातले ब्याऐंशी, ताई," ते म्हणाले.

ताईने ब्रश खाली ठेवला. "ब्याऐंशी! मग मी काय उरलेल्या अठरांत जाणार आहे का? शाळेतसुद्धा मी शेवटच्या अठरांत कधी नव्हते. तू होतास."

पुढच्याच महिन्यात ऑपरेशन झालं. टाके सुटले, काठी आली, काठी गेली. मोजमापे रविवारी रविवारी जात आणि गुडघ्याकडे न बघता गुडघा बघत. ताई काही बोलायची नाही. पण एकदा दुकान बंद करून दोघं वर जेवले, आणि संध्याकाळी ती कुलूप तपासायला पुन्हा खाली निघाली, तेव्हा त्यांनी पाहिलं. ताई जिना आडवी उतरत होती. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, खेकड्यासारखी, एक पायरी, मग दुसरा पाय, मग पुढची. आधी ती अशी उतरत नसे.

"काय बघतोस?" खालून आवाज आला.

"काही नाही."

"मग दिवा लाव जिन्यातला. बघायचंच तर नीट बघ."

त्या रात्रीपासून मोजमाप्यांची झोप मोडली, आणि सहा महिने भरत आले.

नात्यातल्या रुग्णाचा फोन आपण करायचा नाही, असा नियम होता. तो फॉर्म पलीकडच्या टेबलावर द्यायचा. तिथे ऑपरेटरबाई होत्या. तीस वर्षं टेलिफोन केंद्रात काढून, निवृत्तीनंतर इथे लागलेल्या. त्यांचा आवाज बर्फाच्या लादीसारखा सपाट होता. सात उत्तरं त्या अशा वाचत, की ऐकणाऱ्याला आपण रांगेत उभे आहोत असं वाटावं. त्यांच्या फॉर्मवर 'उत्तर मिळालं नाही' असं फारसं नसायचंच. लोक घाबरून काहीतरी निवडत.

मोजमाप्यांनी आदल्या रविवारी ताईला सांगून ठेवलं, "तुला आमच्याकडून फोन येईल. मी नसेन, दुसऱ्या बाई असतील. त्या विचारतील ते सांग."

"काय सांगायचं असतं?"

"खरं काय ते."

"खरं म्हणजे सातातलं कितवं?"

"ताई, ते मी सांगायचं नसतं."

"बघा! एवढी वर्षं नोकरी केलीस, आणि घरच्या माणसाला उत्तर सांगता येत नाही."

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला फोन झाला. मोजमापे समोर कोरा फॉर्म धरून बसले होते आणि कान पलीकडच्या टेबलावर होते.

"तुमचा गुडघा आज कसा आहे? फारच बरा, बराच ब... हो, पण मला सातही वाचायची असतात... बाई, तुमचं ठरलं असेल, तरी मला वाचू द्या... आहे तसाच, थोडा वाईट... मी ओरडत नाही, माझा आवाजच असा आहे... फारच वाईट. सांगा आता... पहिलं? नक्की?... बरं. बरं. सांगते त्यांना."

फोन ठेवून त्यांनी खूण केली.

"अहो मोजमापे, तुमच्या ताई फारच बऱ्या आहेत. आणि डबा पोचता कर म्हणाल्या, रविवारचा राहिलाय."

"पुन्हा विचारलंत तुम्ही?"

"दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, 'लिहा हो फारच बरा, माझा भाऊ आहे तिथे.' ते काही मी लिहिलं नाही. त्याला रकाना नाही."

मोजमापे त्या दिवशी जेवायला गेले नाहीत. सगळी जेवायला गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, चार वर्षांचे गठ्ठे काढले आणि टिंबं मोजायला बसले. तीन दिवस रोज सुट्टीत ते मोजत होते. कधीकधी टिंब होतं की माशीची घाण, ते ठरेना. तेव्हा आठवायला लागायचं, आणि आठवायचंही. शिंपी. मुख्याध्यापिका. एक बाई नुसतीच रडली होती, आणि ती आनंदाने रडतेय असं त्यांनी धरलं होतं. तिच्या फॉर्मपाशी ते बराच वेळ थांबले. दोन हजार फॉर्म. टिंबं दोनशे ऐंशी. शंभराला चौदा. अंदाज तंतोतंत निघाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा त्यांना आनंद झाला नाही.

शुक्रवारी ते दुसऱ्या मजल्यावर गेले. आकडेबाई संगणकाच्या पडद्याकडे बघत सफरचंद खात होत्या.

"मॅडम, मला एक कबूल करायचंय."

"फॉर्म हरवले?"

"नाही. सगळे आहेत. त्यातले दोनशे ऐंशी मी भरलेत."

"तुम्हीच भरता ना?"

"म्हणजे उत्तरं मी भरलीत. ज्यांना सांगता आलं नाही, त्यांच्यापुढे मी 'थोडा बरा' लिहिलं." आणि मग बांध फुटल्यासारखं सगळंच बाहेर आलं: आजोबा, टिंबं, फलक, लिफ्ट, ताई, खेकडा. "त्या ब्याऐंशींतले चौदा खोटे आहेत, मॅडम. खरे अडुसष्टच. माझ्या सख्ख्या बहिणीने त्यावर विसंबून गुडघा कापून घेतला."

आकडेबाईंनी सफरचंद ठेवलं. "थोडा बरा लिहिलंत? पहिली दोन नाही?"

"छे! तेवढा खोटेपणा मी करणार नाही."

"पण 'थोडा बरा' आम्ही सुधारण्यात धरतच नाही."

मोजमापे उभेच होते. आता त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"थोडा बरा तर सगळेच म्हणतात हो. भिडेखातर. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून. म्हणून पहिली दोन उत्तरं तेवढी सुधारलेली, बाकीची पाच नाही. पहिल्या दिवसापासून असंच आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"बरोबर. सांगायचंच नसतं. सांगितलं की विचारणाऱ्याचा आवाज बदलतो." त्या एकदम ताठ झाल्या. "थांबा. 'उत्तर मिळालं नाही' लिहिलं असतंत, तर ते फॉर्म गणतीतूनच बाहेर पडले असते. ते तुम्ही आत ठेवलेत. सुधारले नाहीत म्हणून." बोटं कळफलकावर धावली. "मोजमापे, चार वर्षं तुम्ही आकडा खाली ओढताय! दर बैठकीत संचालक मला विचारतात, इतर रुग्णालयांचे नव्वद, आपले ब्याऐंशीच का? आणि मी सर्जन लोकांची तोंडं बघत बसते!"

या प्रसंगासाठी मोजमाप्यांनी तीन प्रकारची माफी तयार करून आणली होती. त्यांतली एकही लागू पडेना.

"आणि माझ्या बहिणीचा फॉर्म?" ते शेवटी म्हणाले. "तो खोटा आहे. ती जिना आडवी उतरते. मी डोळ्यांनी बघितलंय."

"त्या काय म्हणाल्या?"

"फारच बरा."

"मग फारच बरा. तुमच्या डोळ्यांना रकाना नाही. खाली जाऊन भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा एकदा." त्यांनी सफरचंद पुन्हा उचललं. "उद्यापासून फोन ऑपरेटरबाई करतील. तुम्ही फॉर्म लावायचे. आणि टिंबं असलेले गठ्ठे आजच वर पाठवा."

रविवारी मोजमापे डबा घेऊन ताईकडे गेले. ती दुकानात कुणाच्या तरी प्रबंधाची पानं शिवत होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं, की गोष्ट नीट सांगताच येत नाहीये.

"म्हणजे मी तुला खोटं सांगितलं असं मला वाटत होतं. पण ते खोटं नव्हतं. उलट खरा आकडा जास्तच आहे."

"मग झालं तर. रडतोस काय?"

"पण तुला सांगताना मला माहीत नव्हतं ना. मी खोटं म्हणूनच सांगितलं."

ताईचा दोरा थांबला. "म्हणजे तुझ्या मनात तेव्हा किती होते?"

"अडुसष्ट."

"आणि तोंडात ब्याऐंशी."

"हो."

ताईने दोरा दातांनी तोडला. गाठ मारली. पानांची कड टेबलावर ठोकून सरळ केली.

"अडुसष्टला मी नसतं केलं," ती म्हणाली.

मोजमाप्यांनी खळीचा डबा जवळ ओढला. खळीवर साय धरली होती.

"मग फोनवर फारच बरा का म्हणालीस?"

"तुझ्या ऑफिसातून फोन. त्या बाईचा आवाज असा, जसं काही तुलाच कामावरून काढणार आहेत. काय म्हणणार मी?"

"पण खरं काय, ताई? दुखतो ना?"

"उतरताना दुखतो. चढताना नाही. आधी चढताना दुखायचा, उतरताना नाही." तिने त्यांच्याकडे पाहिलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच अशी थेट. "रात्री दुखत नाही, हे खरं. पण आधी कितपत दुखायचा ते आता आठवत नाही. दुखायचा एवढंच आठवतं. आता तूच सांग, एवढी वर्षं तेच केलंस. सातातलं कितवं?"

मोजमाप्यांनी पुष्कळ विचार केला. खरोखर केला. आणि जे ओठांवर आलं ते त्यांनी ओठांवरच अडवलं, कारण ते 'थोडा बरा' होतं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

"मग मलाच कसं येईल? ऊठ, तो पुठ्ठा दे. आणि जाताना मला वरपर्यंत सोड."

"चढताना दुखत नाही म्हणालीस ना?"

"नाहीच दुखत. तरी सोड."

ते तिच्यामागून तीन मजले चढले. ती भराभर चढली. त्यांनाच दम लागला, मधे थांबावं लागलं, आणि ती वरून म्हणाली, "का रे, तुझेही गुडघे तुमच्याकडे बदलून घ्यायचे का?" ते हसले नाहीत. मग ती दार उघडून आत गेली आणि त्यांना आठवलं, उद्या सकाळी दुकान उघडायला तिला उतरायचंय.

पुढच्या महिन्यात दोनशे ऐंशी फॉर्म गणतीतून वगळले गेले आणि लिफ्टशेजारचा फलक बदलला. आता त्यावर पंच्याण्णव आहे. त्यात ताई धरलेली आहे.